कशावरून मास्तर

इतिहासाच्या पेपरात पहिला नंबर कसा काढावा हे मला ज्या माणसाने शिकवलं, तो शाळेत यायच्या आधी चिखलीच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. परीक्षेचे कागद नागपूरहून यायचे, आणि आमच्या भागात कापूस पिकतो यापलीकडे नागपूरकरांना आमची काही माहिती नसावी, असा आमचा पक्का समज होता. असं असूनही आमच्या शाळेची पोरं बोर्डाच्या इतिहासात दरसाल वरच्या नंबरांत यायची. खामगावचे मास्तर लोक विचारायचे, चिखलीवाले पोरांना खायला घालतात तरी काय. खायला काही घालत नव्हते. आमच्याकडे एक जुना अर्जनवीस होता, एवढंच.

अर्ज लिहिता लिहिता हा माणूस बाहेरून परीक्षा देत गेला, बी. ए. झाला आणि आमच्या शाळेत इतिहास शिकवायला आला. कचेरी सुटली तरी कचेरीच्या सवयी सुटल्या नाहीत. लिहून झालं की टाक कानावर ठेवायचा, त्यामुळे उजवा कान बारा महिने निळा. बसायचं ते मांडी घालून, खुर्चीवरसुद्धा. आणि समोरच्याने काहीही सांगितलं की विचारायचं, “कशावरून?” सगळी चिखली त्यांना ‘कशावरून मास्तर’ म्हणायची. ते त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडतही असावं.

शिकवायचे मात्र पाठीमागून. शेवटच्या बाकाच्या मागे भिंतीला टेकून उभे राहायचे आणि तिथून बोलायचे. समोर उभं राहिलं की पोरं मास्तरच्या तोंडाकडे पाहतात, गोष्टीकडे पाहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही रिकाम्या फळ्याकडे तोंड करून बसायचो आणि पानिपतावरून पळणारं सैन्य आमच्या मानेमागून यायचं. नवा मुलगा पहिले आठ दिवस सारखा वळून पाहायचा. मग त्यालाही सवय व्हायची.

निबंधाचं त्यांचं शास्त्र सगळं अर्जावर बेतलेलं होतं. “पेपर तपासणारा म्हणजे तहसीलदार समजा,” ते सांगायचे. “त्याच्यापुढे तीनशे अर्ज पडलेले आहेत, दुपारचं जेवण अंगावर आलंय, आणि त्याला घरी जायचं आहे. तुम्ही त्याला आदिमानवापासून सुरुवात करून दाखवाल तर तो वाचील का? पहिल्या ओळीत मागणं सांगा. मोगलांची सत्ता अमुक कारणाने कोसळली, असं माझं म्हणणं आहे. झालं. मग कारणं. प्रत्येक कारणाखाली साक्षीपुरावा. शेवटी पुन्हा मागणं, आणि खाली मोकळी जागा. मोकळी जागा पाहिली की तपासणाऱ्याला बरं वाटतं, त्या भरात तो एक मार्क जास्त देतो.”

उत्तर आधी पाटीवर लिहायचं. पाटीच्या दोन बाजूंत मावलं नाही तर तुम्हाला ते समजलेलं नाही, असा निकाल. विशेषणांवर तर त्यांचा दातच होता. ‘शूर’, ‘पराक्रमी’, ‘धूर्त’, ‘महान’ असा एखादा शब्द उत्तरात सापडला की शाळेच्या आवारातल्या बकुळीला एक बादली पाणी घालायचं. पराक्रमीला दोन बादल्या, कारण तो शब्द लांब. त्या बकुळीएवढं हिरवंगार झाड चिखलीत दुसरं नव्हतं. हेडमास्तर पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवायचे आणि आम्ही माना खाली घालायचो.

वहीच्या समासात त्यांचा एकच शेरा असे: ‘क’. जिथे पुराव्याशिवाय विधान केलं तिथे क. साध्या मुलाच्या वहीत एका पानाला दहा-बारा क पडत. एकही क नसलेला निबंध लिहील त्याला वीसपैकी वीस, असं त्यांनी जाहीर केलेलं होतं. मला धरून कोणालाही वीस मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

ही खोड शाळेपुरती असती तर बरं होतं. बाजारच्या दिवशी माझी आई चिखलीला मेथी घेऊन बसायची. मास्तर येऊन जुडी उचलायचे.

“आजची आहे का?”

“आजचीच तोडेल हाये जी.”

“कशावरून?”

“आता मेथीलेच इचारा ना मास्तर!” आई म्हणायची. “म्या तोडली, म्या आणली, आता साक्ष कोनाची देऊ?”

मास्तर गंभीरपणे देठ मोडून पाहायचे, वास घ्यायचे, आणि मगच घ्यायचे. मी शेजारी पोत्यावर बसलेला असलो तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांच्या मुलीचं पहिलं स्थळ याच पायी मोडलं म्हणतात. मुलाचा बाप म्हणाला, आमचा मुलगा निर्व्यसनी आहे. मास्तरांनी काय विचारलं असेल ते सांगायला नको. मास्तरीणबाईंनी पुढची बोलणी भावाकडून करून घेतली आणि मास्तरांना त्या दिवशी मेहकरला पाठवून दिलं.

एकदा इन्स्पेक्टर साहेब आले. वर्गाची उत्तरं ऐकून खूश झाले आणि म्हणाले, “तुम्ही फार हुशार मुलं आहात.” मधल्या बाकावरून कोणीतरी सवयीने बोलून गेलं, “कशावरून?” हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मास्तर मागच्या भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. इतका समाधानी माणूस मी त्यानंतर क्वचितच पाहिला.

अशा माणसाची एक जागा मात्र कच्ची होती, आणि ती नेमकी आमच्या शेतात होती.

आमचं गाव चिखलीपासून दोन कोसांवर. आम्ही माळी, भाजीपाल्याचा मळा. मळ्याच्या बांधाला, सडकेच्या कडेला, सात दगड एका ओळीत उभे आहेत. कमरेइतक्या उंचीचे, शेंदराने माखलेले. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड उभा करायची जुन्या काळी रीत होती, तसले ते वीरांचे दगड. गाव त्यांना ‘सात भाऊ’ म्हणायचं. सात सख्खे भाऊ गाव लुटायला आलेल्या फौजेशी लढले आणि एकाच दिवशी पडले, अशी गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या दिवशी या सात भावांपुढेही सात घागरी ठेवायच्या. दगड आमच्या बांधाला म्हणून तो मान आमच्या घराकडे, आणि घरात माझ्या आजोबांकडे. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो.

मास्तरांचा या सात भावांवर विलक्षण जीव होता. दरसाल थंडीत ते वर्गाला चालवत तिथे आणायचे आणि गोष्ट सांगायचे. त्या एका दिवशी त्यांच्या तोंडी शूर यायचं, पराक्रमी यायचं, आणि पाण्याच्या बादलीचं नाव कोणी काढत नसे. आमच्या पुस्तकात दिल्ली होती, पुणे होतं, कलकत्ता होतं. आमच्या चिखलीचा शब्द नव्हता. आपल्याही मातीत कोणी लढलं होतं हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आणि पुरावा? पुरावा होता. ते सातव्या दगडाच्या मागे जायचे. तिथे वरच्या कडेला चार-पाच खोल खाचा होत्या. “हे तलवारीचे घाव,” ते म्हणायचे. “धाकट्याला मारून शत्रूचं समाधान झालं नाही. त्याचा दगडसुद्धा त्यांनी तोडायला घेतला.” आम्ही एकेक करून खाचांना हात लावायचो. माझ्याच बांधावरचा दगड, पण मीसुद्धा रांगेत उभा राहून हात लावायचो.

मी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होतो त्या सालची गोष्ट. शाळेत नादारीच्या, म्हणजे फी माफ असलेल्या, चार जागा होत्या. तीन जागा कमिटी आपल्या मर्जीने देई. चौथी, वार्षिक परीक्षेत इतिहासाच्या निबंधात पहिला येईल त्याची. ही चौथी जागा मास्तरांनी कमिटीशी भांडून मिळवलेली होती आणि तिला अट त्यांचीच होती. पहिला आलेला निबंध शाळेत सर्वांसमोर वाचायचा. कमिटीने यावं, गावकऱ्यांनी यावं, ज्याला शंका असेल त्याने तिथेच काढावी. वाचला नाही तर नादारी नाही.

माझ्या वडिलांनी त्यांच्यापुरता निकाल आधीच देऊन ठेवला होता. “नादारी भेटली त मॅट्रिक कर. नाही त उन्हाळ्यापासून मोट हाकाले ये. दोन मानसं लावाची ऐपत नाही आपली.” ते रागाने म्हणाले नव्हते. म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती होती.

परीक्षेत दरसाल एक निबंध आपल्या भागातल्या जुन्या ठिकाणावर असे. मी मनाशी ठरवून टाकलं, सात भाऊ. मास्तरांची आवडती गोष्ट मास्तरांनाच लिहून द्यायची, आणि मी तर त्या दगडांच्या बांधावरचा! यापेक्षा सोपा पहिला नंबर कोणाला मिळणार होता?

परीक्षेला चार दिवस होते. सकाळी घरच्या विहिरीवर पाणी ओढत होतो. मोट बंद असली की आम्ही काठावरच्या दगडावरून दोराने घागर ओढायचो. दोर घासत होता, मी मनातल्या मनात निबंध म्हणत होतो आणि सहज दगडाकडे पाहत होतो. त्या दगडाला दोराने खाचा पडलेल्या होत्या. चार-पाच. खोल, गुळगुळीत, बोट जाईल अशा.

माझ्या हातून दोर सुटला आणि घागर तशीच विहिरीत गेली. जन्मापासून ज्या खाचांवरून पाणी ओढलं, तसल्याच खाचा बांधावर तलवारीच्या म्हणून मी तीन वर्षं चाचपून आलो होतो!

आबाजी मळ्यात कांदा काढत होते. मी धावत जाऊन विचारलं, “आबाजी, सात भावाच्या सातव्या दगडाले खाचा कायच्या?”

“दोराच्या,” ते वर न पाहता म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. छप्पनच्या, म्हणजे १८९९ सालच्या, मोठ्या दुष्काळात सरकारने सडकेचं काम काढलं होतं. ओव्हरशिअर शेताशेतांतले जुने दगड फोडून सडकेखालच्या मोरीला लावत होता. वीरांचे दगड फुटू नयेत म्हणून आबाजींनी आणि आता हयात नसलेल्या दोघाचौघांनी ते रात्रीच्या वेळी निरनिराळ्या शिवारांतून गाडीत घालून आणले आणि आमच्या बांधाला उभे केले. “सा व्हते,” आबाजी म्हणाले. “सातवा हिरीचा. जुन्या हिरीचा काठ पडला, त्यातला. थो मीच उभा केला. भावाची गोष्ट मंग लोकायनं जोडली.”

म्हणजे भाऊ नाहीत, फौज नाही, लढाई एक नाही. माझा निबंध माझ्याच आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी बुडवून ठेवला होता. मला इतका राग आला की पुढे एक शब्द विचारला नाही. सहा बरे दिसले नसतील, म्हणून भरतीला सातवा लावला असेल, असं माझं मीच ठरवलं.

पेपरात मी खरं ते लिहिलं. सत्याची वगैरे चाड होती म्हणून नव्हे. लिहायला बसलो तेव्हा सात भावांच्या प्रत्येक ओळीपुढे मला क दिसायला लागला, आणि ‘क’च्या भीतीने मी सरळ अर्ज लिहिल्यासारखं लिहीत गेलो. सात भाऊ ही गोष्ट खरी नाही, असं माझं म्हणणं आहे. सहा दगड निरनिराळ्या शिवारांतले आहेत. साक्षीदार माझे आजोबा. सातवा दगड खोटा आहे, तो केवळ संख्या भरायला उभा केला; पुरावा, दोराच्या खाचा. खाली मोकळी जागा सोडली आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की आपण मास्तरांना तोंडावर खोटं पाडून आलो आहोत.

त्या रविवारी मास्तर आमच्या मळ्यात हजर. उन्हातून दोन कोस चालत आलेले, कोटाच्या खिशात माझा पेपर. आबाजी कांद्याच्या ढिगाजवळ पात कापत बसले होते.

“या मास्तर, बसा. कांदे देऊ का?”

“कांदे नको. साक्ष घ्याले आलो,” मास्तर म्हणाले. वर्गात पुस्तकासारखं बोलणारा माणूस मळ्यात आल्यावर आमच्यासारखं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. “त्या खाचा दोराच्या, असं तुमचं म्हणणं. कशावरून?”

आबाजी उठले, मास्तरांना विहिरीवर घेऊन गेले आणि त्यांचं बोट धरून काठाच्या खाचेत ठेवलं. मग सडकेपर्यंत नेऊन सातव्या दगडाच्या खाचेत ठेवलं. मास्तरांनी बोट मागेपुढे फिरवून पाहिलं, दुसऱ्या खाचेत घातलं, तिसऱ्या खाचेत घातलं. मी बांधाआड उभा होतो. मोट हाकायची कशी याचा विचार मी तेव्हापासूनच करायला लागलो होतो.

“वीस वर्सं,” मास्तर म्हणाले, “वीस वर्सं पोट्ट्यायले तलवारीचे घाव म्हणून दाखवून राह्यलो मी.”

“तुमचं काय चुकलं,” आबाजी म्हणाले. “तुमी कुठी पानी ओढलं?”

मास्तर मोठ्याने हसले. मग तिथेच दगडाला टेकून बसले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, “पण लावला काऊन? सा दगड काय वाईट दिसत व्हते?”

आबाजींच्या हातात कांद्याची पात होती, ती ते चुरत राहिले.

“माहा लहाना भाऊ व्हता,” ते म्हणाले. “किसन. सतरा वर्साचा. याच सडकेवर आमी दोघं खडी फोडत व्हतो. मरीची साथ आली. सकाळी ढिगावर बसला थो दुपारी गेला. त्या दिसी लय गेले. मिस्त्रीनं एकाच खड्ड्यात टाकले सारे, वरून मुरूम. आता सडकंखाली कुठी हाये, मले सांगता येत नाही.” त्यांनी सातव्या दगडाकडे पाहिलं. “दगड उभे करून राह्यलो व्हतो, त याचाबी एक केला. दुष्काळात मेलेल्याले कोन वीर म्हनते मास्तर? पन शेंदूर लावला त सारे सारखेच दिसतात. आखाजीले सात घागरी भरतो, त्यात त्याची एक होते. लोकायले वाटते सातवा भाऊ हाये. हायेच ना. माहा हाये.”

किसन हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पंधरा वर्षं एका घरात राहून. मी निबंधात लिहिलेली ओळ मास्तरांच्या खिशात होती आणि मला ती कोट फाडून परत घ्यावीशी वाटत होती.

“मास्तर,” आबाजी म्हणाले, “थे वाचू नका तिथी. गाव म्हनीन हिरीच्या दगडाले शेंदूर लावत व्हतो का आमी. उपटून टाकतीन त्याले.”

मास्तरांनी खिशातला पेपर काढला. “निबंध पहिला आला आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा शाळेतला झाला होता. “वाचला नाही तर याला नादारी देता येत नाही. नियम माझाच आहे. नको म्हणत असाल तर वाचत नाही, दुसऱ्याला देतो.”

“वाचलं त याले भेटते का?”

“भेटते.”

“अन् दगड उपटतीन का?”

दुसरा कोणी असता तर नाही, नाही, असं कसं होईल, म्हणाला असता. मास्तर म्हणाले, “मले सांगता येत नाही.”

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही, याची लाज मला आजही वाटते. मला मॅट्रिक व्हायचं होतं.

“वाचा,” आबाजी म्हणाले, आणि कांद्याकडे निघून गेले.

शनिवारी शाळेत निबंध वाचायचा होता. आमच्या गावचे पाटील आणि दहा-पंधरा माणसं दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, जोडून आली होती. आपल्या सात भावांचं कौतुक ऐकायला मिळणार म्हणून. आबाजी दाराशी उभे होते. मास्तर त्या दिवशी पाठीमागे उभे राहिले नाहीत. पुढे येऊन म्हणाले, “गेली वीस वर्षं सात भावांची गोष्ट मी चुकीची सांगत आलो. ती चूक या मुलाने दाखवली. याला वीसपैकी एकोणीस मार्क. एक कापला आहे. सातवा दगड खोटा, असं याने लिहिलं. ते कशावरून, हे याने घरात विचारलं नाही. ती ओळ हा वाचणार नाही, त्या जागी याचे आजोबा सांगतील.”

मी वाचलं. त्या ओळीपाशी थांबलो. आबाजी दाराशीच उभे राहून बोलले, मळ्यात बोलले होते त्याहून कमी शब्दांत. किसन नाव व्हतं. माहा भाऊ व्हता. खडीवर गेला.

“कोणाला शंका?” मास्तरांनी विचारलं.

पाटील म्हणाले, “म्हंजे चाळीस वर्सं आमी हिरीच्या दगडाले शेंदूर लावून राह्यलो?” पाटलांनी पागोटं नीट केलं आणि ते उठून गेले. त्यांच्यामागे गावची माणसं गेली. कमिटीने मला नादारी दिल्याचं हेडमास्तरांनी सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवायला शाळेचीच पोरं उरली होती. घरी येताना आबाजी माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, कांद्याच्या भावाबद्दल. ते मला रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे दिवस मी रोज सकाळी उठून आधी बांधावर जाऊन पाहायचो. दगड असायचा. पण गावात आमच्या घराशी कोणी त्याबद्दल बोलेना. सगळी वाट आखाजीची होती. घागरी ठेवायला गाव येतं, तेव्हा जे व्हायचं ते होईल.

आखाजीच्या दिवशी उजाडताच आबाजींनी सात घागरी गाडीत घातल्या. मी बरोबर गेलो. सहा घागरी ठेवून झाल्या, आणि सातवी ते ठेवणार तेवढ्यात सडकेवर पाटील दिसले. मागे माणसं होती. आबाजी घागर हातात धरून तसेच उभे राहिले.

पाटलांच्या खांद्यावर घागर होती. सातव्या दगडापुढे वाकून त्यांनी ती ठेवली. मग उभं राहून म्हणाले, “माही माय गेली व्हती. याच खडीवर. मी आठ वर्साचा व्हतो.”

त्यांच्यामागून तेली आला, त्याच्यामागून न्हाव्याची म्हातारी. कोणाचा बाप, कोणाच्या दोन बहिणी, कोणाचं पाळण्यातलं पोर. गावात घर असं नव्हतं की ज्याचं छप्पनच्या सालात कोणी गेलं नव्हतं, आणि त्यांच्यातल्या एकालाही दगड नव्हता. प्रत्येक जण नाव घ्यायचा आणि घागर टेकवायचा. ऊन वर येईपर्यंत सहा वीरांपुढे आमच्या सहा घागरी होत्या, आणि सातव्यापुढून सडकेपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. आबाजी एका बाजूला बसून रडत होते. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

सर्वांत शेवटी मास्तर आले. चिखलीहून भरलेली घागर खांद्यावर घेऊन, कोट सगळा भिजलेला. मला वाटलं किसनसाठी आणली असेल. मी घ्यायला हात पुढे केले, तर त्यांनी दिली नाही.

“माही मोठी बहीण,” ते म्हणाले. “संग्रामपूरहून आमी पोटासाठी चालत निघालो तेव्हा संग व्हती. हिकडे पोचलो तेव्हा नव्हती. कुठी राह्यली, ते बापानं कधी सांगतलं नाही.” घागर धरून ते जागा शोधत होते. मी वर पाहिलं तसे माझ्याकडे वळून, जणू मी काही विचारलंच होतं असं, हळूच म्हणाले, “तिचा कागद नाही कुठी. कोनी साक्षीदार उरला नाही. पण व्हती.”

आबाजी उठले, आणि दोन्ही हातांनी घागरी सरकवून त्यांनी मास्तरांच्या घागरीपुरती जागा केली.